‘हायवे टू हेल’ कसा ऐकावा : सांगलीतील घरगुती श्रवणबैठकीसाठी मार्गदर्शन

हार्ड रॉकचे नाव काढले की आपल्याकडील जाणत्या श्रोत्यांच्याही कपाळाला आठी पडते. ज्या सांगलीत नाट्यपदे पिढ्यान्‌पिढ्या गुणगुणली गेली आणि ज्या मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा ऐकायला रसिक रात्र जागवतात, तेथे विजेच्या गिटारींचा हा प्रकार निव्वळ गोंगाट वाटावा यात नवल नाही. पण ज्या संगीताने जगभरातील कोट्यवधी श्रोत्यांना अनेक दशके धरून ठेवले आहे, त्यात केवळ आवाजाच्या जोराखेरीज काहीतरी असणारच, आणि ते काय आहे हे कानांनी तपासून पाहता येते. त्यासाठी मी एकच अल्बम सुचवतो : एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडचा २७ जुलै १९७९ रोजी प्रकाशित झालेला ‘हायवे टू हेल’. हा अल्बम घरी चारचौघांना जमवून कसा ऐकावा, कोठे थांबावे, कशाकडे लक्ष द्यावे आणि तो इतका लोकप्रिय का झाला हे स्वतःच्या कानाने कसे पडताळून पाहावे, याची ही माहिती आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. हा अल्बम लोकांना आवडला तो त्यातील संयमामुळे. कोणते वाद्य कधी वाजवायचे नाही, गिटारचा आवाज किती फाटू द्यायचा नाही, धृपद येईपर्यंत काय राखून ठेवायचे, याचा विचार या दहा गाण्यांत जितका काटेकोरपणे केलेला आहे, तितका बँडच्या आधीच्या कामात नव्हता. पुढे सांगितलेल्या सगळ्या कृती हा संयम ऐकू यावा याच हेतूने योजल्या आहेत.

बैठकीपूर्वी सांगावयाची पूर्वपीठिका

श्रोत्यांना पाच मिनिटांहून अधिक प्रास्ताविक ऐकवू नये, मात्र काही गोष्टी सांगितल्याशिवाय या अल्बमचे महत्त्व लक्षात येणार नाही. माल्कम आणि अँगस यंग हे गिटारवादक भाऊ स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जन्मले. १९६३ साली त्यांचे कुटुंब ऑस्ट्रेलियात सिडनीला स्थायिक झाले आणि १९७३ साली या दोघांनी तेथे बँड उभा केला. त्यांचे थोरले बंधू जॉर्ज यंग हे स्वतः नावाजलेले संगीतकार होते, आणि हॅरी वांडा या आपल्या जोडीदारासह त्यांनीच बँडच्या सुरुवातीच्या अल्बमांची निर्मिती केली. ऑस्ट्रेलियात नाव झाले, इंग्लंडमध्येही श्रोते मिळाले, पण अमेरिकेत काही केल्या जम बसेना. १९७८ सालचा ‘पॉवरेज’ हा अल्बम अमेरिकेतील खपाच्या बिलबोर्ड यादीत १३३ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला, आणि त्याच वर्षीचे प्रत्यक्ष कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण ११३ व्या क्रमांकावर थांबले.

त्यामुळे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने निर्माता बदलण्याचा आग्रह धरला. घरातल्या थोरल्या भावाला बाजूला करावे लागणे हा धाकट्या भावांसाठी सोपा निर्णय नसणार. जिमी हेंड्रिक्सबरोबर काम केलेले एडी क्रेमर यांच्यासोबत अमेरिकेतील मायामी येथे प्रयत्न झाला, पण तो फसला. मग रॉबर्ट जॉन लँग हे नाव पुढे आले. त्यांना सगळे ‘मट’ लँग म्हणतात. आजच्या झांबियात जन्मलेला हा निर्माता लंडनमध्ये काम करीत होता, आणि १९७९ च्या वसंतात लंडनच्या राउंडहाउस स्टुडिओत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. तो अमेरिकेत १७ व्या आणि इंग्लंडमध्ये ८ व्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेच्या पहिल्या शंभरात शिरलेला बँडचा हा पहिलाच अल्बम होय, आणि पुढील काळात एकट्या अमेरिकेत त्याची विक्री ७० लाखांच्या पलीकडे गेल्याचे प्रमाणित झाले आहे. एवढी माहिती पुरे, बाकीचे संगीताने सांगावे.

खोली, यंत्रे आणि शेजारी

आपल्याकडील बहुतेक घरांत, मग ते गावभागातील जुने वाड्यातले घर असो की विश्रामबागेतील फ्लॅट, जमिनीवर शहाबादी फरशी किंवा टाइल्स असतात आणि भिंती उघड्या असतात. अशा खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि या अल्बममधील सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे दोन आघातांमधली शांतता, त्या घुमण्यात बुडून जाते. त्यावरचा उपाय घरातच असतो. फरशीवर सतरंज्या अंथराव्यात, स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी किंवा घोंगडी टांगावी आणि खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत. खोलीच्या मध्यभागी एकदा टाळी वाजवून पाहावी. टाळीमागून धातूसारखा किणकिणाट ऐकू आला तर आणखी एखादी गोधडी लागेल असे समजावे.

स्पीकर दोन असावेत. एकाच डब्यातून येणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरवर हा अल्बम ऐकण्यात फारसा अर्थ नाही, कारण यात दोन गिटारी डावी-उजवीकडे वेगवेगळ्या मांडलेल्या आहेत आणि त्यांचा संवाद हाच या बँडचा कणा आहे. दोन्ही स्पीकर कोपऱ्यांपासून दूर, बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर ठेवावेत, आणि त्यांच्यातील अंतर साधारणपणे श्रोत्यापर्यंतच्या अंतराइतकेच असावे. स्पीकर कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो आणि बेस गिटार कधी शिरला हे कळेनासे होते. स्पीकरची सोय नसेल तर तारेचे साधे हेडफोन चालतील, फक्त मग बैठकीऐवजी एकट्यानेच ऐकावे लागेल.

एसी/डीसीचे अल्बम २०१५ पासून मोबाइलवरील संगीत सेवांवर उपलब्ध आहेत, त्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही. मात्र ॲपमधील काही गोष्टी आधी बंद कराव्यात : गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारी सोय, एक गाणे संपताना दुसरे त्यात मिसळणारी सोय, आणि खर्ज वाढवणारा इक्वलायझर. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मिरवणुकीतील ध्वनियंत्रणांमुळे आपल्या कानांना फुगवलेल्या खर्जाची सवय लागली आहे, आणि तसा खर्ज येथे दिला तर फिल रड यांच्या ड्रम्सचा कोरडा, नेमका ठोका पार लोळून जातो.

आवाज किती ठेवावा, याविषयी गैरसमज फार आहे. हे संगीत कानठळ्या बसेपर्यंत मोठे केल्याशिवाय खुलत नाही असे पुष्कळांना वाटते, पण माझ्या मते ते तसे नाही. शेजारी बसलेल्याशी बोलताना आवाज थोडासा चढवावा लागेल, इतपत पातळी योग्य. अगदी हळू ठेवल्यास कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे खरे असल्याने फार हळूही ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, तेव्हा ४१-४२ मिनिटांच्या या अल्बमने कानांना काही अपाय होत नाही. शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराची वेळ मला सर्वांत सोयीची वाटते. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, आणि जमले तर त्यांनाही बोलवावे.

पहिली फेरी : अखंड

पहिल्या वेळी अल्बम जसा रचला आहे तसाच, मध्ये न बोलता ऐकावा. तबकडीच्या काळात तो पाच-पाच गाण्यांच्या दोन बाजूंत विभागलेला होता, आणि प्रत्येक बाजू साधारण वीस-एकवीस मिनिटांची आहे. पाचवे गाणे संपल्यावर थांबावे. चहा आणि सांगलीचे भडंग याच मध्यंतरात द्यावे, गाणे चालू असताना नव्हे, कारण कुरकुरीत भडंगाचा आवाज नेमका त्या शांत जागांवर पडतो ज्या ऐकण्यासाठी आपण एवढी तयारी केली.

या फेरीत कोणतेही विश्लेषण करू नये. श्रोत्यांना एवढेच सांगावे की प्रत्येक गाण्यात आपोआप गुणगुणावीशी वाटलेली ओळ कोणती, ते मनात ठेवा. अल्बम संपल्यावर प्रत्येकाला विचारले, तर बहुधा सगळे गाण्याच्या धृपदाचीच ओळ सांगतील, आणि ज्यांना इंग्रजी शब्द नीट कळले नाहीत तेही तीच चाल गुणगुणतील. लोकप्रियतेच्या चर्चेला खरी सुरुवात येथून होते.

दुसरी फेरी : एकच गाणे, चार वेळा

आता फक्त पहिले, म्हणजे अल्बमच्याच नावाचे, साडेतीन मिनिटांचे गाणे घ्यावे आणि ते चार वेळा ऐकावे. प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायचे आहे.

पहिल्यांदा गिटार. सुरुवातीला दुसरे कोणतेही वाद्य नाही. गिटारवर एक छोटी स्वराकृती येते, थांबते, पुन्हा येते. रॉकमध्ये अशा पुन्हापुन्हा येणाऱ्या आकृतीला रिफ म्हणतात. या रिफमध्ये किती स्वर आहेत हे मोजण्यापेक्षा किती जागा रिकामी आहे ते मोजावे. हाताने संथ, समान मात्रा धराव्यात आणि ज्या मात्रांवर काहीच वाजत नाही, तेथे बोट उचलावे. थोड्याच वेळात लक्षात येते की श्रोत्याला डोलायला लावण्यात या रिकाम्या मात्रांचा वाटा वाजवलेल्या स्वरांइतकाच आहे. वाजवणाऱ्याने तार छेडल्यानंतर ती तळहाताने लगेच दाबून गप्प केलेली आहे. एकाग्रतेने ऐकल्यास ते दाबणेसुद्धा जाणवते.

दुसऱ्यांदा ड्रम्स. आपल्याकडील श्रोत्याची येथे एक अडचण होते, ती आधीच सांगून ठेवावी. तालाची सवय असलेला आपला हात समेवर पडतो. या संगीतात चार मात्रांचे आवर्तन असले, तरी ठळक ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. लय मिनिटाला सुमारे ११६ मात्रांची, म्हणजे झपझप चालण्याच्या लयीपेक्षा फार वेगळी नाही. टाळी पहिल्या मात्रेवर न देता दुसरीवर आणि चौथीवर द्यावी. काही जणांची टाळी सुरुवातीला पुन्हापुन्हा समेकडे घसरते, पण एकदा ती जागेवर बसली की सगळे गाणे एकदम हलके होते आणि अंग आपोआप हलू लागते. फिल रड संपूर्ण गाण्यात जवळजवळ हेच वाजवतात. हाताशी कौशल्य असतानाही ते दाखवण्याचा मोह टाळणे ही मोठी गोष्ट आहे, आणि मला स्वतःला या बँडमध्ये सर्वांत अधिक आदर वाटतो तो त्यांच्या या टिकून राहण्याबद्दल.

तिसऱ्यांदा बेस गिटार, आणि येथे या अल्बमचे मर्म सापडते. श्रोत्यांना विचारावे, की पहिल्या कडव्यात बेस गिटार ऐकू येतो का? बरेच जण हो म्हणतील. मग पुन्हा लावून दाखवावे. पहिल्या कडव्यात बेस वाजतच नाही. गिटार, ड्रम्स आणि बॉन स्कॉट यांचा आवाज, इतकेच आहे. क्लिफ विल्यम्स यांचा बेस धृपदाच्या उंबरठ्यावर शिरतो, आणि ज्या क्षणी तो शिरतो त्या क्षणी गाण्याखाली जमीन आल्यासारखे वाटते. आवाज वाढवण्याचे बटण कोणी हलवलेले नाही, तरी धृपद मोठे वाटते, ते आधी काहीतरी राखून ठेवल्यामुळे. दुसऱ्या कडव्यात काय होते, ते श्रोत्यांनी स्वतः ओळखावे.

चौथ्यांदा धृपदातील गळे. कडवे एकटे स्कॉट गातात. त्यांचा आवाज खरखरीत, थोडा मिस्कील, गोष्ट सांगणाऱ्यासारखा आहे. धृपदात त्यांच्यामागे माल्कम यंग आणि क्लिफ विल्यम्स यांचे आवाज येतात. या पाठीमागच्या गायनावर लँग यांनी फार लक्ष दिले, आणि आधीच्या अल्बमांशी तुलना केल्यास बदल येथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. हे गळे शिकलेल्या गायकांसारखे सफाईदार नाहीत, ते गर्दीतल्या माणसांसारखे आहेत. त्यामुळे ऐकणाऱ्यालाही आपण त्यात सूर मिसळावा असे वाटते. मैदानात जमलेल्या हजारो लोकांनी गावे अशीच ही धृपदे रचली आहेत : ओळ छोटी, चाल थोड्या स्वरांत फिरणारी, शब्द ठोक्यावर पडणारे. रेडिओवर एकदा कानावर पडली तरी लक्षात राहील असे हे बांधकाम आहे.

मिरजेची जवारी आणि अँप्लिफायरचा फाटका आवाज

गिटारचा तो किंचित फाटलेला, करकरीत आवाज ज्यांना खटकतो, त्यांच्यासाठी सांगलीपासून जवळच एक उत्तम पाठशाळा आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन तंबोऱ्याची जवारी लावताना पाहावी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो; त्याला अतिशय मंद उतार दिलेला असतो. कारागीर तो कानसेने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवला जातो, आणि तो केसभर पुढे-मागे करताना एका ठिकाणी आवाज अचानक फुलतो. तार घोडीच्या माथ्याला हलकेच घासू लागल्याने मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर ठळक होतात. जवारी नसलेला तंबोरा स्वच्छ वाजतो, पण भरत नाही. आणि ती प्रमाणाबाहेर गेली तर तो नुसता भणभणतो.

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये कारण वेगळे असले, तरी परिणामाची जात तीच आहे. गिटारकडून येणारा विद्युत संदेश अँप्लिफायरच्या क्षमतेपेक्षा मोठा झाला की लहरींचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटण्यातून मूळ ध्वनीत नसलेले उपस्वर निर्माण होतात. आवाज जाड आणि लांब होतो. हे प्रमाण फार वाढले, तर एकाच वेळी वाजवलेले स्वर एकमेकांत गुंतून चिखल होतो. म्हणून अनेक हार्ड रॉक बँड फक्त षड्ज आणि पंचम मिळून वाजवतात. गंधार वगळतात, कारण फाटलेल्या आवाजात गंधार टिकत नाही.

‘हायवे टू हेल’च्या रिफमध्ये मात्र गंधारासह पूर्ण स्वरमेळ वाजतात, आणि ते स्वच्छ ऐकू येतात. माल्कम यंग जाड तारा लावीत आणि अँप्लिफायरचा गेन, म्हणजे आवाज फाटण्याचे प्रमाण, पुष्कळ कमी ठेवीत. जो जोर आपल्याला जाणवतो तो यंत्राचा नसून उजव्या हाताचा आहे. हार्ड रॉकमधील सर्वांत प्रसिद्ध आवाजांपैकी एक हा प्रत्यक्षात पुष्कळसा स्वच्छ आवाज आहे, हे कळल्यावर हा सगळा प्रकार गोंगाट मानणाऱ्या माणसाचे मत बदलू शकते. जवारी ऐकलेल्या कानाला ते समजावून सांगावेही लागत नाही.

उरलेली गाणी

बाकी गाण्यांना एवढा वेळ देण्याची गरज नाही. तिसरे गाणे, ‘वॉक ऑल ओव्हर यू’, संथ आणि जडपणे सुरू होऊन एकदम वेग घेते. तो बदल कसा घडवला आहे तेवढे पाहावे. चौथ्या, ‘टच टू मच’ या गाण्यावर मात्र थांबावे. लँग यांचा हात येथे सर्वांत उघड दिसतो. धृपदातील गळ्यांचे थर, कडव्यापासून धृपदापर्यंत हळूहळू चढत जाणारा ताण आणि गाणे संपत आले तरी न सैलावणारी पकड, हे सर्व ऐकल्यावर पुढे याच निर्मात्याने डेफ लेपर्ड या बँडचे ‘पायरोमेनिया’ आणि ‘हिस्टेरिया’ हे अफाट खपलेले अल्बम कसे घडवले असतील, याचा अंदाज येतो. स्कॉट यांच्या मृत्यूच्या काहीच दिवस आधी बँडने बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात हेच गाणे सादर केले होते.

दुसऱ्या बाजूवरील ‘इफ यू वॉन्ट ब्लड’ या गाण्याने आधीच्या वर्षीच्या कार्यक्रम-ध्वनिमुद्रणाचेच नाव घेतले आहे, आणि माझ्या मते त्या बाजूवरील ते सर्वांत घट्ट गाणे होय. ‘गेट इट हॉट’ अडीच मिनिटांत संपते आणि त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. शेवटचे ‘नाइट प्राउलर’ हे सहा मिनिटांहून मोठे, संथ ब्लूज आहे. रात्री घरात शिरणाऱ्या अनोळखी माणसाचे भय त्यात रंगवले आहे, म्हणून लहान मुले बैठकीत असतील तर ते वगळावे. गाण्याच्या अगदी शेवटी स्कॉट दोन निरर्थक वाटणारे शब्द उच्चारतात. ते ‘मॉर्क अँड मिंडी’ या अमेरिकी विनोदी दूरदर्शन मालिकेतील परग्रहवासीयाचे आहेत.

नाव, शिंगे आणि घरातील ज्येष्ठ

नावातील ‘हेल’ आणि मुखपृष्ठावरील अँगस यंग यांची शिंगे व शेपटी पाहून घरातील ज्येष्ठ मंडळींनी आक्षेप घेतला, तर त्यांना टाळू नये. नीट उत्तर द्यावे. शीर्षकगीताचा विषय सैतानाची उपासना हा नाही. वर्षानुवर्षे गावोगाव बसने फिरून कार्यक्रम करणाऱ्या कलावंतांचे दमवणारे, बेबंद आयुष्य हा आहे. तमाशा आणि नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांच्या कथा ऐकलेल्या माणसाला ते आयुष्य अगदी परके वाटू नये. अँगस रंगमंचावर शाळकरी मुलाचा गणवेश घालतात. ती कल्पना त्यांची बहीण मार्गारेट हिची होती. शिंगे हा त्याच सोंगाचा पुढचा भाग. ज्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि जेथून निघालेल्या पौराणिक नाटकांत राक्षसपात्रे आरडाओरड करीत प्रवेश करीत, इतकी की त्या नाटकांना लोक ‘अललडुर्र’ म्हणू लागले, त्या गावाला रंगमंचावरील राक्षसाचे भय वाटण्याचे कारण नाही.

शब्दांविषयी मात्र प्रामाणिकपणे बोलावे. या अल्बममधील अनेक गाणी स्त्रियांविषयी आहेत, आणि त्यांतील दृष्टी पुष्कळदा उथळ व उपभोगाची आहे. त्यात शोधून काढावे असे काही गहन नाही, आणि लोकप्रियतेच्या नावाखाली त्याचे समर्थनही करू नये. संगीताची बांधणी आवडणे आणि शब्द न पटणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि बैठकीत यावर चर्चा झाली तर ती होऊ द्यावी. घरातील मुलींना या विषयावर सर्वांत नेमके बोलता येते, असा माझा अनुभव आहे. त्यांना आधी बोलू द्यावे.

हाताने वाजवून पाहणाऱ्यांसाठी

बैठकीत गिटार शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना शीर्षकगीताची रिफ वाजवायला सांगावी. लागणारे स्वरमेळ तीनच आहेत : ए मेजर, एफ शार्प खर्जात ठेवलेला डी मेजर आणि जी मेजर. बोटे जागेवर बसायला फार वेळ लागत नाही. कठीण आहे ते थांबणे. म्हणून सराव उलट्या क्रमाने करावा : आधी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, ९० वर लावून फक्त रिकाम्या मात्रा तोंडाने मोजाव्यात, मग त्या मोजत असतानाच स्वरमेळ छेडावेत, आणि प्रत्येक छेडीनंतर डाव्या हाताची बोटे तारांवरून न उचलता नुसती सैल सोडून तारा गप्प कराव्यात. हे जमल्यावर लय हळूहळू ११६ पर्यंत न्यावी. अँप्लिफायर असल्यास गेन प्रथम शून्याजवळ ठेवून जोराने छेडले की किंचित फाटेल आणि हळू छेडले की स्वच्छ राहील, इतकाच वाढवावा. साध्या लाकडी गिटारवरही ही रिफ चांगली लागते. दुसऱ्या कोणीतरी मांडीवर दुसरी आणि चौथी मात्रा धरावी, आणि इतरांनी धृपदाच्या वेळी सूर मिसळावा. चाल लोकांना किती लवकर पकडते ते तेव्हा प्रत्यक्ष दिसते.

पुढची बैठक

या अल्बमने दार उघडले, पण पुढचा काळ बँडसाठी फार कठीण गेला. १९ फेब्रुवारी १९८० रोजी बॉन स्कॉट यांचे लंडनमध्ये निधन झाले. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. ब्रायन जॉन्सन हे नवे गायक घेऊन, त्याच लँग यांच्यासह, बँडने ‘बॅक इन ब्लॅक’ तयार केला आणि तो २५ जुलै १९८० रोजी, म्हणजे ‘हायवे टू हेल’नंतर बरोबर एका वर्षाच्या आत, प्रसिद्ध झाला. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते. पुढील बैठकीत तोच ठेवावा, पण त्याआधी ‘पॉवरेज’मधील दोन-तीन गाणी जरूर ऐकावीत. ‘पॉवरेज’चे चाहते आजही त्याला बँडचे सर्वोत्तम काम मानतात, आणि त्यातील खडबडीत मोकळेपणा मलाही प्रिय आहे. तिन्ही अल्बम या क्रमाने ऐकताना प्रत्येकातील फक्त धृपदांकडे आणि त्यांच्या आधीच्या चार ओळींकडे लक्ष ठेवावे, आणि बेस कोठे थांबतो व कोठे शिरतो याची नोंद वहीत करीत जावी.